बर्फीचं पाणी

जपानमध्ये कुत्र्यालाही आडनाव असतं! प्राण्यांच्या दवाखान्यात नाव पुकारतात ते मालकाच्या आडनावासकट, आणि शेवटी लाडाचं 'चान' लावून. आमच्या अस्सल सांगलीकर आडनावाला जोडून 'बर्फी-चान' अशी हाक आली, की बाकावर बसलेल्या जपानी आजीबाई आधी आमच्याकडे बघायच्या आणि मग बर्फीकडे. बर्फी म्हणजे आमची मिनिएचर डॅक्सहुंड. लांबुळकी, आखूड पायांची, खव्याच्या रंगाची. गेल्या दोन वर्षांत तिथे आमच्या इतक्या फेऱ्या झाल्या आहेत, की आता त्या आजीबाईच "आज बर्फी-चान कशी आहे?" म्हणून विचारतात.

या फेऱ्यांचं कारण म्हणजे कुशिंग हा आजार. आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांकडे आता वय झालेली कुत्री आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात पाण्यापासून झाली. बर्फी तेव्हा अकरा वर्षांची होती. पाण्याचं भांडं दिवसातून तीन-तीनदा भरावं लागतंय, हे बायकोच्या लक्षात आलं. रात्री 'शू'साठी दोनदा उठणं सुरू झालं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसाला नक्की किती पाणी पिते? मोजून सांगा." घरात हाताशी माप होतं ते राइस कुकरबरोबर आलेलं, १८० मिलिलिटरचं. त्याच मापाने मोजलं. चोवीस तासांत साडेचार मापं, म्हणजे ८१० मिलिलिटर! बर्फीचं वजन सहा किलो. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर पाणी गेलं तर कुठेतरी बिघाड आहे असं समजायचं, हा डॉक्टरांचा हिशेब. म्हणजे सहाशेची हद्द तिने केव्हाच ओलांडली होती.

शिवाय भूक राक्षसासारखी, पोट घागरीसारखं लोंबलेलं, कुशीवरचे केस विरळ, आणि ऐन थंडीत रात्री धापा टाकणं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर म्हातारपणाच्या खात्यात टाकता येते. सगळ्या एकत्र आल्या की मात्र डॉक्टर कुशिंगचं नाव काढतात.

हे नाव हार्वी कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदाचं. माणसांमधला हा आजार त्याने १९१२ साली वर्णन केला. मूत्रपिंडांच्या वर अॅड्रिनल नावाच्या दोन चिमुकल्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल तयार करतात. किती करायचं, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीकडून येतो. तिथे बारीकशी गाठ झाली की हुकूम थांबतच नाहीत आणि शरीरात कॉर्टिसॉलचा पूर येतो. कुत्र्यांच्या दर शंभर केसेसपैकी ऐंशी-पंच्याऐंशी या प्रकारच्या असतात. उरलेल्यांत गाठ अॅड्रिनलमध्येच असते. रक्त आणि लघवी तपासली, सोनोग्राफी झाली (इथे तिला 'एको' म्हणतात), मग एक इंजेक्शन देऊन त्याआधी आणि तासाभराने पुन्हा रक्त घेतलं. बर्फीच्या दोन्ही अॅड्रिनल सारख्याच फुगल्या होत्या. म्हणजे मूळ वर, मेंदूशी.

हे सगळं मी फोनवर आईला सांगितलं. आई सांगलीला असते. संधिवातासाठी तिने कित्येक महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत. ती पटकन म्हणाली, "अरे, म्हणजे माझं तोंड भोपळ्यासारखं झालं होतं तसंच की! मलाही तेव्हा रात्री उठून पोळी खावीशी वाटायची." अगदी बरोबर. कॉर्टिसॉल शरीराने जास्त बनवलं काय, किंवा त्याच जातीचं औषध गोळीतून बरेच दिवस पोटात गेलं काय, परिणाम तोच. मी इंटरनेटवर तीन रात्री वाचलेलं आईने एका वाक्यात सांगून टाकलं.

आता उपचार. पिट्युइटरीची गाठ ऑपरेशनने काढता येते, आणि जपानमध्ये हे ऑपरेशन कुत्र्यांवर होतं. तोंडातून, टाळूच्या वाटेने मेंदूच्या तळापर्यंत जायचं. पण त्याआधी पूर्ण भूल देऊन एमआरआय, आणि नंतर आयुष्यभर बाहेरून हॉर्मोन्स. दुसरा मार्ग ट्रायलोस्टेन नावाच्या औषधाचा. ते गाठीला हात लावत नाही, अॅड्रिनलमध्ये कॉर्टिसॉल बनण्याची प्रक्रिया तेवढी रोखतं. रोग जात नाही, आवरला जातो. बर्फीला झटके नव्हते, चालताना तोल जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही मार्ग योग्य आहेत. ठरवायचं तुम्ही."

आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. मुलीचं म्हणणं, ऑपरेशन करून तिला पूर्ण बरी करू या. बायको म्हणायची, अकराव्या वर्षी हे सगळं कशासाठी सोसायला लावायचं? शेवटी आईच म्हणाली, "तिला किती वर्षं मिळतील ते मोजत बसू नका. रात्री झोप लागते का, भूक माणसासारखी लागते का, तेवढं बघा." बर्फीची भूक माणसासारखी लागावी, या वाक्यावर आम्ही सगळेच हसलो. आणि औषधावर एकमत झालं.

कॅप्सूल जेवणाबरोबरच द्यायची, रिकाम्या पोटी नाही. ती फोडायची नाही, दिल्यावर हात धुवायचे. घरात कुणी गरोदर असेल तर तिने तिला हातही लावायचा नाही. दहा दिवसांनी तपासणी, मग महिन्याने, मग दर तीन महिन्यांनी. तिसऱ्या आठवड्यात पाणी अडीच मापांवर आलं. आम्ही रात्रभर झोपलो! पुढे संध्याकाळनंतर पाणी पुन्हा वाढू लागलं, कारण औषधाचा अंमल चोवीस तास टिकत नव्हता. मग डॉक्टरांनी डोस सकाळ-संध्याकाळ असा विभागला.

या औषधाची दुसरी बाजूही आहे. चार महिन्यांनी एका रविवारी सकाळी बर्फीने खाण्याकडे पाठ फिरवली. एकदा उलटी झाली, नंतर नुसती पडून राहिली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जेवली नाही तर गोळी नाही. आधी फोन." तसंच केलं. रक्तात कॉर्टिसॉल फारच खाली गेलं होतं. सलाइन लावलं, गोळी आठवडाभर बंद राहिली आणि नंतर कमी डोसवर सुरू झाली. त्या दोन दिवसांत मुलगी बर्फीच्या गादीशेजारी जमिनीवर झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी बर्फीने स्वयंपाकघरात येऊन भांडं वाजवलं, तेव्हा कुकरची शिट्टी ऐकल्यासारखं बरं वाटलं.

जपानी डॉक्टरांचं एक आवडतं वाक्य आहे, 'योउसु ओ मिमाश्यो', म्हणजे लक्ष ठेवून पाहू या. आपल्याला वाटतं, हे काय उत्तर झालं? औषध द्या की! पण या आजारात लक्ष ठेवणं हाच निम्मा उपचार आहे. कॉर्टिसॉल जास्त झालं तर त्रास, कमी झालं तर जिवावर बेतणार. मधल्या अरुंद पट्ट्यात तिला ठेवायचं, आणि त्याची पहिली खबर लॅबच्या आधी पाण्याच्या भांड्यातून मिळते. फ्रिजवर लावलेल्या तक्त्यात रोजची मापं लिहायचं काम मुलीने आपणहून घेतलं आहे.

गणपतीत एका मित्राने विचारलंच, "कुत्र्यासाठी एवढं?" खर्च आहे, खोटं कशाला बोलू. आमच्या विम्यातून सत्तर टक्के मिळतात, पण तो आधीपासून होता म्हणून. आजार कळल्यावर विमा काढला तर नेमका तोच आजार वगळतात. पण त्याचा प्रश्न पैशांपुरता नव्हता. शिबुयाच्या हाचिकोची गोष्ट आपण आल्या-गेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. १९२५ मध्ये मालक वारल्यावर १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत त्याने वाट पाहिली. तिथे फोटो काढल्याशिवाय कुणाची जपानवारी पूर्ण होत नाही. ती कुत्र्याच्या निष्ठेची गोष्ट. माणसाच्या बाजूचं कलम जपानने २०१२ साली प्राणीविषयक कायद्यात दुरुस्ती करून घातलं: पाळलेल्या प्राण्याला त्याच्या अखेरपर्यंत सांभाळण्याचा प्रयत्न करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. मित्राला मी एवढंच सांगितलं.

बर्फी आता तेरा पूर्ण आहे. केस परत आले आहेत, कुशीवर थोडे गडद रंगाचे. औषधावरची बरीच कुत्री दोन-अडीच वर्षं काढतात असं वाचलं आहे. आमची दोन झाली. हा हिशेब घरात कुणी मोठ्याने करत नाही. संध्याकाळची गोळी आठ वाजता असते, तेव्हा सांगलीला साडेचार, आईच्या चहाची वेळ. तिचा फोन येतो. "माझी गोळी झाली. तिची?" मी फोन बर्फीच्या कानाशी धरतो. परवा मुलीने मधूनच ओरडून सांगितलं, "आजी, आज दोन मापं!"