बुधल्यातली मोकळी जागा

वाइन करताना सुरुवातीला भांड्यात मोकळी जागा हवीच. 20 लिटरच्या बादलीत 14-15 लिटरपेक्षा जास्त रस घेऊ नये. साली फेसाबरोबर वर चढतात, बादली उतू जाते. त्या दिवसांत हवाही चालते. नव्या पेशी घडवायला यीस्टला थोडा ऑक्सिजन लागतोच. वर आलेल्या साली दिवसातून दोनदा खाली दाबायच्या आणि तोंडाला कापड घट्ट बांधायचं. चिलटांच्या पायांबरोबर व्हिनेगरचे जिवाणू आत येतात.

*

लिटरभर रसात 200 ग्रॅम साखर असेल, तर ती संपेपर्यंत 50 लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एवढा वायू सतत वर येत असताना हवेला आत शिरायला वाव नसतो. बुडबुडे मंदावले, वाइन बादलीतून बुधल्यात गेली की हे संरक्षण संपतं. ‘हा वायू जड, तो वाइनवर पांघरुणासारखा बसून राहतो’ असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. वायू एकमेकांत मिसळतात. बूच एकदा काढलं की आत हवा आलीच.

*

हिशेब करून पाहावा. लिटरभर हवेत साधारण 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. 5 लिटरच्या बुधल्यात 4 लिटर वाइन असेल, तर दर लिटरच्या वाट्याला जवळपास 70 मिलिग्रॅम येतो. एक मिलिग्रॅम ऑक्सिजन आवरायला सुमारे 4 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड खर्ची पडतो. म्हणजे तो मिळावा म्हणून घालतात त्या मेटाबायसल्फाइट पावडरची नेहमीची मात्रा तिथे पुरणारच नाही. पावडर वाढवत बसण्यापेक्षा जागा कमी करावी.

*

बुधला मानेपर्यंत भरावा, बुचाखाली दोन-तीन सेंटीमीटर सोडून. खांद्याशी थांबलात तर हवेला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. अगदी काठोकाठही नको: तापमान 10 अंशांनी चढलं की 20 लिटर वाइन 50-60 मिलिलिटर फुगते आणि बूच उडतं. उलट रात्री गारठा पडला की बुचावरच्या एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेतलं) पाणी आत ओढलं जातं. थंडीत रोज सकाळी ते पाहावं.

*

गाळावरून निथळली की वाइन कमी भरते. मग काय? पाणी घातलं तर चव पातळ होते. धुऊन उकळलेल्या काचेच्या गोट्या टाकता येतात. तशाच जातीची तयार वाइन ओतणं चांगलं. माझं मत विचाराल तर मोठ्या भांड्याचा मोह सोडून 5, 2 आणि 1 लिटरची भांडी आधीच जमवावीत. निथळताना नळीचं टोक नव्या भांड्याच्या तळाशी टेकलेलं असू द्यावं. वरून धार सोडली की सगळी काळजी वाया.

*

वास: कापून ठेवलेल्या सफरचंदाचा आला तर हवा लागली आहे, लगेच भरून घ्या. नेलपॉलिशचा आला तर वाइन परत येत नाही.

*

लुई पाश्चरने 1866च्या वाइनवरच्या ग्रंथात बंद नळ्यांचे प्रयोग दिले आहेत: काही पूर्ण भरलेल्या, काहींत हवा ठेवलेली. हवा असलेली वाइन बदलली, दुसरी जवळपास तशीच राहिली. तो फ्रान्सच्या जुरा भागात, आर्बुआ गावात वाढला. त्याच भागात ‘व्हँ जोन’ ही वाइन मुद्दाम रिकाम्या जागेसकट पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात. वर यीस्टची साय धरते आणि तीच वाइनला सांभाळते. पण सावान्यँ द्राक्षं, ती तळघरं आणि पिढ्यांचा अनुभव त्यामागे आहे. आपल्या बुधल्यावर पांढरा पापुद्रा दिसला तर त्याला जुराची साय समजू नये. वाइन खालून निथळून लहान भांड्यात मानेपर्यंत भरावी आणि आधी तीच संपवावी.