अंगावर पेललेला माग

दक्षिण फिलिपिन्समधल्या झांबोआंगा शहराच्या पश्चिमेला अप्पर कालारियान नावाची वस्ती आहे. याकान विणकरांचं गाव म्हणून प्रवासी तिथे येतात. रस्त्यालगत दुकानांची ओळ, फळ्यांवर भडक लाल, हिरव्या, पिवळ्या कापडांच्या घड्या, आणि आत मागावर बसलेली एखादी बाई.

याकान मूळचे इथले नव्हेत. त्यांचं घर समुद्रधुनीपलीकडचं बासिलान बेट. सुलू द्वीपसमूहातले शेजारी समाज दर्यावर जगत आले; याकानांनी मात्र जमीन धरली, डोंगरउतारावर भात पिकवला, नारळ लावले. १९७०च्या दशकात मोरो, म्हणजे तिथले मुस्लिम, बंडखोर आणि सरकारी सैन्य यांच्या लढाईत बासिलान होरपळलं आणि कितीतरी कुटुंबं पाणी ओलांडून इकडे आली. शेतं तिकडेच राहिली, विणकाम मात्र इकडे आलं. ते कसं येऊ शकलं, हे माग जवळून पाहिल्यावर मला कळलं.

येवल्याला पैठणीचे माग पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे जमिनीत खड्डा करून बसवलेला, जागेला जखडलेला माग असतो. याकान माग तसा नाही. उभ्या धाग्यांचं एक टोक खांबाला किंवा तुळईला बांधलेलं, दुसरं विणणारीच्या कमरेमागून गेलेल्या पट्ट्याला. मधे बांबूच्या काठ्या आणि आडवा धागा ठोकून बसवायची लाकडी पट्टी. बस्स. ती मागे रेलली की ताणा घट्ट होतो, पुढे झुकली की सैल पडतो. चौकट नाही, चौकटीचं काम तिची पाठ करते. पट्टा सोडला, काठ्यांवर धागे गुंडाळले, की अख्खा माग काखेत मावतो. पण त्याचं ओझं उतरत नाही. कमरेचा ताण दिवसभर तिलाच पेलावा लागतो. मी पाहत होतो त्या बाईंचं कापड दुपारपर्यंत वीतभरही पुढे सरकलं नव्हतं, आणि त्या हळू विणत होत्या असं मुळीच नाही.

नक्षीचा कागद समोर कुठेच नव्हता. बुंगा-सामा या प्रकारात ताण्यात जादा आडवे धागे गुंफून फुलं उठवतात. सिनिलुआनमध्ये उभे धागेच पृष्ठभागावर तरंगत ठेवून नक्षी साधतात. पिनांतुपान, इनालामान, डोक्याला बांधायचा चौकोनी सापुतांगान हे आणखी काही प्रकार. समभुज चौकोन, पानं, फुलपाखरं अशा आकृत्या एकमेकींत अडकत जातात आणि एक धागा चुकला तर पुढची सगळी ओळ बिघडते. हे गणित आईकडून लेकीकडे बोटांनी जातं.

बासिलानमधल्या लामितानच्या अंबालांग आउसालिन यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. लोक त्यांना आदराने ‘अपुह अंबालांग’ म्हणत, म्हणजे अंबालांग आजी. त्याही आईकडूनच शिकल्या; लहानपणी नारळाच्या पातीच्या पट्ट्या विणून त्यांनी हात बसवला. फिलिपिन्समध्ये १९९२च्या कायद्याने परंपरागत कलावंतांना राष्ट्रीय सन्मान दिला जातो. २०१६चा तो सन्मान त्यांना मिळाला. २०२२ साली त्या गेल्या. या सन्मानाबरोबर कला पुढच्या पिढीला शिकवण्याची जबाबदारीही येते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नुसत्या शाली-श्रीफळाने कुठलीही विद्या टिकत नाही.

पूर्वी हे कापड लग्नाकार्यात नेसण्यासाठी विणलं जाई. आज दुकानांत त्याच नक्षीच्या पिशव्या, पाकिटं, टेबलावरच्या पट्ट्या दिसतात. सुताऐवजी बाजारातला कृत्रिम धागाही आला आहे. याची हळहळ करणारे पुष्कळ भेटतात. मला ती हळहळ पटत नाही. शेत गमावलेल्या घरात चूल पेटवायची असते, आणि पाकिटाला लावलेल्या तुकड्यातही विणणारीची पाठ तितकीच ताणलेली असते. खरा घाला आहे तो यंत्रावर छापलेल्या नकलांचा. त्या नक्षी उचलतात, ‘याकान’ हे नावही उचलतात, आणि विणणारीपर्यंत एक पेसोही पोचू देत नाहीत. पैठणीच्या नावावर यंत्रमागाची साडी खपवणारा बाजार आपण रोज पाहतो. हा अन्याय आपल्याला तरी समजावून सांगायची गरज नसावी.

माझ्यासोबत आलेल्या एकाने कालारियानच्या दुकानात घासाघीस सुरू केली. मला ते सहन झालं नाही आणि मी त्याला तसं सांगितलं. किंमत जास्त वाटली तर घेऊ नये, पण समोर बसून विणणाऱ्या बाईच्या श्रमांचा भाव पाडू नये.

कधी झांबोआंगाला गेलात तर कालारियानला सवड काढून जा. कापड उलटून मागची बाजू पाहा. हातमागाच्या नक्षीचे धागे तिथे दिसतात, छापील नकलेत दिसत नाहीत. कोणी विणलं, किती दिवस लागले, हे विचारा. आणि सांगतील ती किंमत द्या.