तात्पुरते

बोली आणि स्थळ यांच्या संबंधाचा विचार आपण या घटकात करीत आहात. त्या निमित्ताने एका साध्या शब्दाविषयी मला आपल्याशी बोलावयाचे आहे. तो शब्द म्हणजे ‘तात्पुरते’.

२६ एप्रिल १९८६ रोजी पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी, तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीजकेंद्राच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. केंद्रातील कामगारांसाठी वसवलेले प्रिप्यात शहर तेथून जेमतेम तीन किलोमीटरांवर. सुमारे छत्तीस तासांनी तेथील रहिवाशांना रेडिओवरून सूचना मिळाली: आपण तात्पुरते घर सोडत आहात, कागदपत्रे आणि थोडे खाणे बरोबर घ्या, दिवे व नळ बंद करा. त्या दुपारी सुमारे ४९ हजार माणसे बसगाड्यांत बसली. ते शहर आजही रिकामे आहे. वर्षअखेरपर्यंत भोवतालच्या तीस किलोमीटरांच्या पट्ट्यातून सुमारे १ लाख १६ हजार लोक हलवले गेले.

हा शब्द मी घरातही ऐकला आहे. माझे आजोळ धरणाखाली गेले, तेव्हा माणसांना पत्र्याच्या ‘तात्पुरत्या’ शेडमध्ये ठेवले होते. आजीची अकरा वर्षे तेथे गेली. या दोन विस्थापनांची मी बरोबरी करीत नाही. पाणी निदान दिसते. उन्हाळ्यात ते ओसरले की देवळाचा कळस वर येतो. किरणोत्सार दिसत नाही. त्या वसंतात तिकडच्या सफरचंदाच्या झाडांना नेहमीसारखाच बहर आला असणार, आणि तरीही घर सोडा म्हणून सांगण्यात आले. सीझियम-१३७ निम्मे होण्यास तीस वर्षे लागतात, प्लुटोनियम-२३९ ला चोवीस हजार. भट्टीवर २०१६ मध्ये सरकवलेले पोलादी आच्छादनही शंभर वर्षांच्याच हिशेबाने बांधलेले आहे.

चेर्नोबिल हे मुळात एका वनस्पतीचे नाव आहे. आपल्या दवण्याच्या कुळातली ती एक रानटी वनस्पती. जवळच कोपाची नावाचे गाव होते. ‘कोपाची’ म्हणजे खणणारे. त्या गावातली बहुतेक घरे पाडून तिथल्या तिथे जमिनीत पुरण्यात आली. व्युत्पत्ती शिकवताना असा योगायोग समोर आला की माझा आवाज बसतो.

गाव उठले की बोली विखुरते. शेजारी वेगवेगळ्या जिल्ह्यांत गेले, मुले शहरी शाळांत प्रमाणभाषा बोलू लागली. युक्रेनमधील बोलीअभ्यासकांनी ही हानी ओळखली आणि पांगलेल्या वृद्धांना गाठून त्यांची कथने ध्वनिमुद्रित केली. आपल्या विद्याशाखेने केलेल्या चांगल्या कामांपैकी हे एक आहे, असे मी मानतो.

मी मात्र ते केले नाही. आजी ‘वरल्या अंगाला’, ‘खालल्या अंगाला’ असे म्हणे. वर म्हणजे नदीच्या उगमाकडे. सपाट माळावरच्या वसाहतीत नदीच नव्हती, तरी ती तसेच बोले, आणि आम्ही नातवंडे हसत असू. पुढे प्रबंधासाठी दूरच्या बोलींच्या फिती जमवीत मी वर्षानुवर्षे हिंडलो. आजीची एकही फीत माझ्यापाशी नाही.

बंदी मोडून हजाराहून अधिक माणसे त्या निषिद्ध पट्ट्यात परतली. त्यांत वृद्धा पुष्कळ होत्या. त्यांनी पुन्हा बटाटे लावले, कोंबड्या पाळल्या. त्यांना ‘समोसेली’, म्हणजे आपणहून येऊन वसलेले, असे नाव पडले. मला ते नाव खटकते. स्वतःच्या घरी परतलेल्या बाईला कोणी ‘येऊन वसलेली’ म्हणते काय? आजीला परतता येणे शक्य नव्हते. तिने नव्या वसाहतीला शेवटपर्यंत ‘गाव’ म्हटले नाही. ‘कॉलनी’ म्हणे. ‘गावाला जाऊन येते’ असे म्हणून ती अवसेच्या दिवशी धरणाच्या काठी जाऊन बसत असे.