‘बरं का’चं इंग्रजी

आमच्या भालकीत विषय बदलायला शब्दांची कधी वाण पडत नाही. घरात ‘असो’ म्हणायचं, शेजारच्या कन्नड घरात ‘इरलि’ आणि बाजारात दखनी बोलणाऱ्या भाजीवाल्याशी ‘खैर’. माझं माहेर उदगीर. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेपर्यंत उदगीर आणि भालकी दोन्ही बीदर जिल्ह्यातच होती. नंतर मध्ये राज्याची सीमा आली, पण बोलणं तसंच राहिलं. ‘असो’ काय आणि ‘इरलि’ काय, दोन्हींचा अर्थ ‘असू दे’ हाच.

इंग्रजीशी खरी गाठ पडली ती सून आल्यावर. सून केरळची. तिला मराठी-कन्नड येत नाही, मला मल्याळम येत नाही. मुलगा आणि ती बंगळूरला असतात. दर रविवारी फोन यायचा. स्पोकन इंग्लिशचं पुस्तक आणून मी वाक्यं पाठ केली. पण पाऊस झाला, नातवाचे दात झाले, की पुढे काय? एका विषयावरून दुसऱ्यावर जायचं कसं, हेच येईना. दोघीही गप्प. मग मला ‘बाय द वे’ सापडलं. हे म्हणजे आपलं ‘बरं का’, असं मी धरून चालले. मग काय, दर दोन वाक्यांनी ‘बाय द वे’!

त्याच सुमारास डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितली. ऑपरेशन कलबुर्गीला होतं. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी होता. रविवारी लोणच्याचं बोलणं संपल्यावर मी सुनेला म्हटलं, “बाय द वे, मंगळवारी माझं ऑपरेशन आहे.” ती म्हणाली, “ओके अम्मा, टेक केअर.”

मंगळवारी दवाखान्यात आम्ही दोघंच होतो. मी दाराकडे बघत होते. कोणी आलं नाही. मनात सुनेविषयी नको नको ते येऊन गेलं.

गुरुवारी दोघंही धावत आले. सुनेचे डोळे सुजलेले. “अम्मा, तुम्ही ‘बाय द वे’ म्हणालात. मला वाटलं, डोळ्याचं किंवा दाताचं काही छोटंसं असेल.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘बाय द वे’ म्हणजे जाता जाता आठवलेली किरकोळ गोष्ट. ते ऐकलं की समोरचा माणूस सैल होतो. ‘बरं का’ म्हटलं की आपला माणूस कान टवकारतो. मी मोठी गोष्ट सांगायला छोटं दार उघडलं होतं.

पुढे सुनेनंच शिकवलं. महत्त्वाचं सांगायचं तर आधी “आय हॅव समथिंग इम्पॉर्टंट टू टेल यू” म्हणायचं आणि क्षणभर थांबायचं. ‘त्यावरून आठवलं’ म्हणायचं तर “दॅट रिमाइंड्स मी”. ‘असो’ला “एनीवे”, पण समोरचा दुःख सांगत असताना ते म्हणू नये, त्याला तोडल्यासारखं वाटतं. आपलं ‘असो’ तरी कुठे तेव्हा म्हणतो आपण?

मीही तिला एक शब्द दिला. आता रविवारी ती मध्येच म्हणते, “अम्मा, बरं का...” मी गॅस बंद करते आणि खुर्ची ओढून बसते.