इतवाऱ्यातला एक रविवार

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीने आम्ही बुरहानपूरला उतरलो, तो दिवस रविवार होता. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, 'इतवारा.' मुलगा हसून म्हणाला, "म्हणजे आपल्या आज्जीचा आयतवारच की!" आमच्या घरात मराठीत रविवार आणि आजीच्या कन्नडात आयतवार. हिंदीतला इतवारही त्याच आदित्यवाराचा. पुण्याला जशा वारांच्या पेठा, तसेच या गावात शनवारा, बुधवारा आणि इतवारा. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला हे गाव चटकन आपले वाटते. इथल्या जामा मशिदीत तर अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे.

रविवार हा ख्रिस्ती बांधवांच्या उपासनेचा दिवस. इतवाऱ्यातून चालताना मला पंडिता रमाबाईंची आठवण येत होती. त्याला कारण होते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या होत्या. बुरहानपूर तेव्हा त्याच प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात होते आणि मुंबईहून जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग याच गावावरून जातो.

रमाबाई आपल्याही मुलुखाच्या. १८५८ साली त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थामागून तीर्थे करीत, पुराणे सांगत हिंडले. पुढच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे पायी चालत राहिली. एवढी तीर्थे करूनही मनाला समाधान लाभले नव्हते.

१८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांनी तिथल्या जोगिणींचे काम पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना त्या मायेने सांभाळत होत्या. हे तुम्ही का करता, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. जिच्याशी कोणी बोलायचे नाही, तिच्याशी येशू बोलला, तिला जिवंत पाण्याविषयी सांगितले. रमाबाईंना ती गोष्ट भिडली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. धर्म बदलला म्हणजे मन भरते असे नाही, हे इतक्या सरळपणे कबूल करायला मोठे धैर्य लागते. बाहेरही वादळ होतेच. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जातात म्हणून १८९३ मध्ये पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

मग तो दुष्काळ आला. स्वतःच्या उपासमारीचे दिवस त्या विसरल्या नव्हत्या. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली-बायकांना आणले आणि पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना, सारे तिथे आले. पुढे त्यांची कन्या मनोरमा हिने आईच्या साहाय्याने गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, शाळा काढली. शेवटची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या.

दुपारी आम्ही कुंडी भंडारा पाहिला. मोगल काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, नुसत्या उताराच्या जोरावर शहराकडे आणले. वरून दिसतात त्या फक्त ओळीने बांधलेल्या कुंड्या. आत उतरले, की वाहते पाणी. मला वाटले, श्रद्धेचेही असेच असावे. ती कुठून झिरपते हे कोणाला दिसत नाही. तहानलेल्याच्या घागरीत पडते, तेव्हा कळते.

संध्याकाळी मावा जिलबीचा पुडा घेऊन इतवाऱ्यात परतलो. मुलाने विचारले, "बाबा, रमाबाईंना शेवटी देव सापडला का?"

मी म्हटले, "त्यांनी ज्यांना घरी आणले, त्या मुलींना विचारायला हवे होते."