खाली बैस

शाळामास्तरकी सोडून मला बरीच वर्षे झाली. तरी अंबरनाथहून कल्याणकडे जाताना गाडी उल्हासनगरास थांबली, की एक मुलगा हटकून आठवतो. फाळणीचा धडा चालला होता. हा सिंधी मुलगा मध्येच उठून म्हणाला, "सर, आमच्या आजोबांचे घर ज्यांनी बळकावले, त्यांचे कोणी काहीच का केले नाही?" प्रश्नाला धार होती. पण मला धडा उरकावयाचा होता. मी म्हणालो, "हे परीक्षेत येत नाही. खाली बैस." तो बसला, आणि पुढे वर्षभर त्याने तोंड उघडले नाही. वर्ग शांत झाला म्हणून मी मात्र समाधान मानीत होतो!

2014 च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंसमवेत इराकात गेले आणि परस्पर इसिसला जाऊन मिळाले. शिक्षण कमी पडले, असे गाडीत जो तो म्हणू लागला. परंतु त्यांतले काही तर अभियांत्रिकी शिकलेले होते! त्यांच्या गुरुजनांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही. मला आठवला तो माझाच शांत वर्ग. आपण बसविलेला प्रश्न खरोखर बसतो थोडाच? तो उत्तर देणाऱ्याच्या शोधात निघतो, आणि असा उत्तर देणारा घाईत कधीच नसतो.

सूड धरावयास उल्हासनगराइतके कारण कोणाला होते? 1947 नंतर सिंधमधून आलेली कुटुंबे येथे लष्करी छावणीच्या बराकींत पडली. 1949 साली त्या छावणीचे नगर झाले. बराकींतून दुकाने निघाली, शाळा-महाविद्यालये निघाली. तथापि दुःख काही दुकानात विकून संपत नाही. ते नातवापर्यंत पोहोचलेले मी माझ्या वर्गातच पाहिले होते.

तो मुलगा पुढे एकदा फलाटावर भेटला. केस पिकू लागले होते. त्यानेच मला ओळखले. "मधली दोन वर्षे कोणाबरोबर हिंडत होतो, ते विचारू नका," तो हसून म्हणाला. मग आजोबांनी एके दिवशी त्याला समोर बसवून एक जुने पत्र वाचून दाखविले. ते सिंधमधल्या त्याच घरातून आले होते. तेथे आता आग्र्याहून जीव मुठीत धरून पळालेले एक कुटुंब राहत होते, आणि अंगणातल्या लिंबाला पाणी घालतो, असे त्यांनी लिहिले होते.

"सर, तुम्हांला हे ठाऊक होते? तिकडचेही असे आले होते, हे?"

ठाऊक होते. तेवढ्यात गाडी आली.