समोरचा काठ

कॉन्व्हेंटमध्ये नववीला मी 'मिअँडर'ची आकृती इतकी सुबक काढली होती की मॅडमनी ती वर्गभर फिरवली. बाहेरच्या काठाची झीज, आतल्या काठावर भर. पैकीच्या पैकी मार्क! पण मिअँडर म्हणजे आमच्या शेताशेजारचं वळण, हे कळायला सेकंड इयर सिव्हिल उजाडावं लागलं.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. गावात तिला सगळे गंगाच म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत आबांबरोबर शेतात गेले, तर काठावरची बाभळ दिसेना.

"दरडीसंगं गेली," आबा म्हणाले. "मी लहान होतो तवा तिच्या पल्याड बी आपला वखर फिरायचा."

"पुरात गेली का?"

"पुरात न्हाई. पूर उतरताना. पानी खाली गेलं की ओली दरड बसती."

ह्यालाच आमच्या पुस्तकात 'रॅपिड ड्रॉडाऊन' म्हणतात. आबा चौथी शिकलेले!

मग मीही लेक्चर झाडलं. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं, म्हणून ती सुमारे १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. डोंगरात उतार जास्त, तिथे ती तळ खोदते. आपल्याकडे उतार कमी, म्हणून ती आडवी सरकते. वळणावर बाहेरून पाणी जोरात जातं, तिथे माती सुटते; आतून संथ जातं, तिथे गाळ बसतो.

"म्हंजे आपली माती समोरच्याला मिळाली," आबा म्हणाले.

"नाही आबा, आपली बहुतेक खालच्या वळणावर जाऊन बसते. समोरची वरच्या गावांची."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. "मग आपल्या रानातला गाळ बी कवातरी वरच्याचाच आसंल की."

ह्यावर मला काही सुचेना. ह्याच शेतावर माझी हॉस्टेलची फी निघते. म्हणून म्हटलं, "आबा, काठाला दगडी पिचिंग करू. माझा डिप्लोमावाला मित्र एस्टिमेट काढून देईल."

"कर माय. पन मंग ती खालच्याचं रान खाईल, त्येचं काय?"

हॉस्टेलवर आल्यावर सरांना विचारलं. सर म्हणाले, आबांची शंका बरोबर आहे. एक काठ पक्का केला तर पाण्याचा जोर पुढच्या कच्च्या काठावर जाऊ शकतो. आपल्या सर्व्हे नंबरपुरतं बघून चालत नाही, सगळं वळण बघावं लागतं.

पिचिंगचं अजून काही ठरलेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात दरड आणखी सरकेल, ही धास्ती आहेच. पण परवा सबमिशनसाठी तीच नववीची आकृती काढली, तेव्हा मी दोन्ही काठांवर शेतं दाखवली. आणि खालच्या वळणावरही.